ऑस्टिनची ऑफर: पगार बघ, हँडबुक वाच, आणि इथे माणसाला काढतात कसं ते विचार

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एडिसनला राहणारा आपला एक मुलगा, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. सध्या बेस, म्हणजे मूळ पगार, वर्षाला १,४५,००० डॉलर. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या एका लिस्टेड टेक कंपनीची ऑफर आलीये: बेस १,६०,०००, टार्गेट बोनस १० टक्के, चार वर्षांत मिळून ८०,००० चे आरएसयू (हप्त्याहप्त्याने मिळणारे कंपनीचे शेअर्स), १५,००० जॉइनिंग बोनस. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनी करते तो अर्ज) आधीच्या कंपनीकडून मंजूर होऊन १८० दिवस उलटून गेलेत. तो लिहितो, "दादा, पगार चांगला आहे, टीमही आवडली, पण हँडबुकमध्ये लिहिलंय की गाडीत बंदूक ठेवायला परवानगी आहे, आणि मॅनेजर बोलता बोलता म्हणाला की तीन महिन्यांतून एकदा सगळी टीम शूटिंग रेंजवर जाते. बायको म्हणते असल्या ठिकाणी नको. काय करू?"

मी टेक्सासमध्ये बरीच वर्षं इंजिनिअरिंग मॅनेजर आहे, ऑफर दिल्यात, घेतल्यात, आणि लोकांना काढायच्या मीटिंगमध्येही टेबलाच्या या बाजूला बसलोय. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाच, आणि शक्य असेल तर बायकोसोबत बसून वाच, कारण तिची शंका रास्त आहे, फक्त ती ज्या वाक्यावर अडलीये ते वाक्य चुकीचं आहे असं मला वाटतं.

ते पार्किंगचं वाक्य आधी घेऊ. गाडीत बंदूक ठेवू देणं ही त्या कंपनीची आवड नाहीये, तो राज्याचा कायदा आहे. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०११ पासून कुठल्याही साध्या खाजगी कंपनीला, कायद्याने बंदूक बाळगू शकणाऱ्या कर्मचाऱ्याला असं सांगता येत नाही की तुझ्या स्वतःच्या लॉक केलेल्या गाडीत, आमच्या पार्किंगमध्ये, ती ठेवू नकोस. शाळा, काही केमिकल प्लांट, कंपनीच्या मालकीच्या गाड्या असे अपवाद आहेत पण सॉफ्टवेअर कंपनी त्यात येत नाही. म्हणजे तू ऑस्टिनच्या कुठल्याही कंपनीत गेलास, अगदी कॅलिफोर्नियातून आलेल्या मोठ्या नावाच्या कंपनीत गेलास तरी पार्किंगची स्थिती हीच असणार, फरक इतकाच की काही कंपन्या हँडबुकमध्ये ते लिहितात आणि काही लिहीत नाहीत. लिहिलंय हे उलट चांगलं, कोणीतरी वकिलाने ते पान वाचलंय एवढं तरी कळतं.

हे कायदे आले कुठून तेही माहीत असू दे, कारण त्यातून इथल्या लोकांची मानसिकता समजते. २००२ मध्ये ओक्लाहोमातल्या व्हॅलियंट गावी वेअरहॉयझर कंपनीच्या पेपर मिलमध्ये पार्किंगची झडती झाली, काहींच्या गाडीत शिकारीच्या वगैरे बंदुका सापडल्या आणि त्यांची नोकरी गेली. गावाकडची माणसं, शिकारीचा सीझन, ट्रकमध्ये रायफल असणं त्यांच्या दृष्टीने रोजचंच. त्यावर एवढा संताप झाला की २००४ मध्ये ओक्लाहोमाने पार्किंगचा कायदाच केला. मोठ्या कंपन्या कोर्टात गेल्या, म्हणाल्या की कामाची जागा सुरक्षित ठेवायची केंद्राच्या कायद्याने आमच्यावर जबाबदारी आहे आणि हा कायदा त्याच्या आड येतो. २००९ मध्ये फेडरल अपील कोर्टाने कंपन्यांचं म्हणणं फेटाळलं. त्याच्या थोडं आधी-नंतर फ्लोरिडा, जॉर्जिया, टेक्सास, एकेक करत बरीच राज्यं त्या वाटेने गेली. न्यू जर्सीत साधी हँडगन विकत घ्यायला आधी पोलिसांकडून परमिट काढावं लागतं, तिथून येणाऱ्या माणसाला हे सगळं विचित्र वाटणारच.

आता खरा मुद्दा. पार्किंगवर कंपनीचं चालत नाही, पण इमारतीच्या आत पूर्ण चालतं. तोच टेक्सासचा कायदा म्हणतो की ऑफिसच्या आत बंदूक आणायला मनाई करायचा कंपनीला अधिकार आहे. म्हणून त्या हँडबुकमध्ये तू "गाडीत चालेल" हे वाक्य बघू नकोस, त्याच्या पुढचं वाक्य बघ. "आत चालणार नाही" असं स्पष्ट लिहिलंय का? आणि नुसतं ऑफिसात नाही, तर क्लायंटच्या जागेवर, ऑफसाइटला, कंपनीच्या पार्टीत, असं लिहिलंय का? कारण सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला हँडगन जवळ बाळगायला लायसन्स लागत नाही. कंपनी गप्प बसली, ना पाटी ना पॉलिसी, तर बाजूच्या क्यूबिकलमधला माणूस कमरेला पिस्तूल लावून स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, आला तरी तो कुठलाही कायदा मोडत नसतो. इथे कंपनीचं मौन हीच परवानगी धरली जाते. तू मला हँडबुकचं जे वाक्य पाठवलंस त्यात आतल्या जागेबद्दल काहीच नाहीये, ते पुढच्या पानावर आहे की मुळातच नाही हे आधी शोध.

इंटरव्ह्यूला परत गेलास तर मेन दरवाज्याची काच बघ. इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्हीत, इंचभर उंचीच्या अक्षरात, कायद्याचा मजकूर जसाच्या तसा छापलेल्या पाट्या असतात, बहुतेक दोन असतात, एक लपवून बाळगण्यासाठी आणि एक उघड बाळगण्यासाठी, इथे लोक त्यांना थर्टी-ओ-सिक्स आणि थर्टी-ओ-सेव्हन म्हणतात, पीनल कोडमधल्या कलमांच्या आकड्यांवरून. अक्षरं लहान असली किंवा मजकूर अर्धवट असला तर त्या पाटीच्या जोरावर लायसन्सवाल्यावर ट्रेसपासची, म्हणजे मनाई असताना आत शिरल्याची, केस टिकायची पंचाईत, त्यामुळे नीट लावलेली पाटी दिसली की समज कोणीतरी हे काम मनापासून केलंय. नुसतं पिस्तुलाच्या चित्रावर लाल काट मारलेलं स्टिकर चिकटवलं असेल तर तितकं नाही. अर्थात कर्मचाऱ्यांसाठी लेखी पॉलिसी असली की पुरतं, पाटी मुख्यतः बाहेरून येणाऱ्यांसाठी.

आता रेंज. इथे मी अगदी ठाम आहे, तू रेंजवर बंदूक हातात घ्यायची नाही. हसत नाही, खरंच सांगतोय. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात, नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हाच गुन्हा आहे. एच-१बी, त्यांच्या बायका-मुलांचा एच-४, विद्यार्थ्यांचा एफ-१, कंपनीतून बदलीवर येणाऱ्यांचा एल-१, सगळे त्यात आले. काही अपवाद आहेत, त्यातला आपल्यासारख्याला लागू पडणारा म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. पण तेवढं नसताना रेंजवर भाड्याची बंदूक घेऊन दहा गोळ्या मारल्या तरी ते "बाळगणं" धरलं जाऊ शकतं, बंदूक विकत घ्यावीच लागते असं काही नाही. २०२२ पासून या कलमाखाली जास्तीत जास्त शिक्षा १५ वर्षं आहे, आणि शिक्षेपेक्षा मोठी भीती म्हणजे बंदुकीचा गुन्हा सिद्ध झाला तर इमिग्रेशन कायद्यात तो डिपोर्ट करायला पुरेसं कारण ठरतो. तुझं दहा-बारा वर्षं रांगेत उभं राहणं एका शुक्रवारच्या दुपारी वाया जाऊ शकतं.

आपल्याकडे बरेच जण म्हणतात की एवढं कोण बघतंय, सगळेच जातात, फोटोपण टाकतात. हो, जातात, आणि बहुतेकांना काही होत नाही हेही खरं. पण सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा रेहाइफ खटला आहे ना, तो स्टुडंट व्हिसावर आलेल्या, नंतर कॉलेजमधून काढल्यामुळे स्टेटस गेलेल्या एका मुलाचा होता, आणि सुरुवात कुठून झाली तर फ्लोरिडातल्या एका शूटिंग रेंजवर जाऊन गोळ्या झाडण्यापासून. कोर्टाने तिथे असं ठरवलं की आपण बंदी असलेल्या गटात मोडतो हे आरोपीला माहीत होतं, हेही सरकारने सिद्ध करायला हवं. तू नॉन-इमिग्रंट व्हिसावर आहेस हे तुला माहीत आहेच, तेव्हा "मला ठाऊकच नव्हतं" हा रस्ता तुझ्यासाठी बंद.

आणि हंटिंग लायसन्स काढून घेऊ का, असा प्रश्न तुझ्या डोक्यात येईलच. कागदावर मार्ग आहे, काही जण करतात. माझं मत विचारशील तर ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत नको, आणि करायचंच असेल तर तुझ्या स्वतःच्या इमिग्रेशन वकिलाला विचारून, कंपनीच्या नाही. तसंच कलीगने पार्किंगमध्ये "धरून तर बघ" म्हटलं तरी हात मागे. त्याच्या ट्रकच्या डॅशबोर्डमध्ये बंदूक आहे हे माहीत असताना त्याचा ट्रक लंचला तू चालवत नेऊ नकोस.

मॅनेजरला हे सांगायचं कसं याचं टेन्शन घेऊ नकोस. सरळ म्हण, माझ्या व्हिसावर मला फेडरल कायद्याने बंदी आहे, मी येईन, तुमच्यासोबत जेवेन, पण शूट करणार नाही. आणि मग तो काय म्हणतो ते नीट ऐक, कारण या एका उत्तरातून तुला त्या टीमचं कल्चर जेवढं कळेल तेवढं दहा रिव्ह्यू वाचून कळणार नाही. चांगला मॅनेजर म्हणेल "अरे मला माहीतच नव्हतं, पुढच्या वेळी आपण दुसरं काहीतरी करू" आणि खरंच करेल. टेक्सासचे लोक याबाबतीत फार दिलदार असतात असा माझा अनुभव आहे, बंदूक आवडणारे माझे कित्येक कलीग सुरक्षेच्या नियमांबाबत इतके काटेकोर आहेत की दुसऱ्याला जबरदस्ती करणं त्यांच्या स्वभावातच नाही. पण उत्तर "कोणाला कळणार आहे" असं आलं, तर ज्या माणसाच्या हातात तुझं स्टेटस असणार आहे त्याला तुझ्या स्टेटसची किती किंमत आहे ते तुला जॉइन होण्याआधीच कळलं. तिथे मी नाही म्हणेन, पगार कितीही असो.

आता तुझ्या बायकोच्या मनातली खरी भीती, की ऑफिसात कोणी गोळीबार केला तर. आकड्यांत बघितलं तर २०२३ मध्ये संपूर्ण अमेरिकेत कामाच्या ठिकाणी ४५८ खून झाले, सगळे उद्योग मिळून. त्यात दुकानं, गॅस स्टेशन, ड्रायव्हर, सिक्युरिटी गार्ड, पोलीस अशी कामं फार पुढे असतात, रोकड हाताळणारी आणि रात्री एकटी असणारी माणसं. टेक ऑफिसमधला धोका त्या मानाने खूप कमी. पण शून्य नाही, आणि जे झालंय ते कसं झालं हे बघितलं की काय विचारायचं ते कळतं.

१९८८ मध्ये सनीव्हेलच्या ईएसएल कंपनीत सात जण मेले. मारणारा त्या कंपनीचाच काढून टाकलेला माणूस, एका सहकारी मुलीचा तो कितीतरी वर्षं पाठलाग करत होता, कंपनीला माहीत होतं, त्याला काढून दोन वर्षं होत आली होती, दुसऱ्या दिवशी कोर्टात त्याच्याविरुद्धच्या मनाई हुकुमाची तारीख होती. त्यानंतर कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये पाठलाग करण्याविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. २००० च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समध्ये वेकफिल्डच्या एजवॉटर टेक्नॉलॉजीत एका कर्मचाऱ्याने सात सहकाऱ्यांना मारलं, त्याच्या थकलेल्या इन्कम टॅक्ससाठी पगारातून पैसे कापले जाणार होते. २००८ च्या नोव्हेंबरात, मंदी ऐन भरात असताना, सांता क्लाराच्या सायपोर्ट नावाच्या स्टार्टअपमध्ये त्याच दिवशी काढलेला इंजिनिअर परत आला, भेटायचंय म्हणाला आणि तिघांना मारलं.

यातलं एकही टेक्सासमध्ये नाही हे आधी लक्षात घे. दोन कॅलिफोर्नियात, एक मॅसॅच्युसेट्समध्ये, दोन्ही राज्यं बंदुकीच्या बाबतीत कडक. म्हणजे राज्य बदलून किंवा न बदलून हा प्रश्न सुटत नाही. आणि दुसरं, बाहेरून अचानक कोणी येऊन असं इथे काही नव्हतं, कंपनी आणि त्या माणसातलं काहीतरी चिघळत गेलेलं होतं, नोकरी जाणं, पैसे जाणं, एखाद्याचा पाठलाग. म्हणून मी म्हणतो की पाटी महत्त्वाची आहे, पण पाटी बघून असा माणूस थांबत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणी धमकीवजा बोललं तर ते सांगायचं कोणाला, सांगितल्यावर किती दिवसांत कोण हालतं, आणि कंपनी माणसांना काढते कशी.

हे शेवटचं लोक कधीच विचारत नाहीत. काढण्याची पद्धत चांगली असते तिथे कसं होतं सांगतो, कारण मी ते जवळून बघितलंय. मॅनेजर आणि एचआर दोघं, बंद खोली, बोलणं दहा मिनिटांच्या आत, कारण स्पष्ट, कागद तयार, सेव्हरन्सचा, म्हणजे काढताना देतात त्या पैशांचा, आकडा त्या कागदावर लिहिलेला, इन्शुरन्स कुठल्या तारखेपर्यंत तेही लिहिलेलं. बॅज बंद होतो पण माणसाला बॉक्स हातात देऊन सगळ्यांसमोरून सिक्युरिटीसोबत चालवत नेत नाहीत, सामान घरी पोचवतात किंवा संध्याकाळी येऊन घेऊन जा म्हणतात. दुसऱ्या दिवशी एचआरचा फोन जातो, कसा आहेस, काही मदत हवीये का. माणसाची इज्जत राहते, आणि इज्जत राहिली की राग बराच खाली येतो. या उलट एका कंपनीत, नाव घेत नाही, एका माणसाने लंचरूममध्ये दोनदा सगळ्यांसमोर "एक दिवस बघाच तुम्ही" असं म्हटलं होतं, आम्ही लेखी तक्रार केली आणि ती तक्रार एचआरकडे कित्येक आठवडे नुसती पडून होती, तोपर्यंत त्याच्या शेजारी बसणारी मुलगी घरूनच काम करायला लागली. काही झालं नाही, तो स्वतःच सोडून गेला. पण त्या आठवड्यांमध्ये आम्ही ऑफिसात कसे बसत होतो ते मला चांगलं आठवतं.

कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून बहुतेक कंपन्यांना हिंसाचार रोखण्याचा लेखी प्लॅन ठेवणं आणि लोकांना त्याचं ट्रेनिंग देणं बंधनकारक आहे. टेक्सासमध्ये साध्या ऑफिसला अशी सक्ती नाही, म्हणून इथे ते कंपनीच्या मर्जीवर, आणि म्हणूनच विचारायचं. ज्या कंपनीची ऑफिसं दोन्हीकडे आहेत तिने तोच प्लॅन ऑस्टिनलाही लावलाय का, हा फार चांगला प्रश्न आहे. अजून एक टेक्सासचं खास: वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे कामावर होणाऱ्या इजेचा, विमा घ्यायचा की नाही हे इथे खाजगी कंपनीच्या इच्छेवर आहे, असं खुलं स्वातंत्र्य बहुतेक राज्यांत नाही. कामावर काही इजा झाली, मग ती जिन्यावरून पडून का असेना, तर कंपनी त्या विम्यात आहे की नाही याने खूप फरक पडतो. एचआरला एका ओळीत विचार, त्यांनी ते लेखी कळवायचं असतंच.

आणि हे काढणं-बिढणं तुझ्यासाठी जास्त महत्त्वाचं का, तर एच-१बी. नोकरी गेली की देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस, आय-९४ (त्यावर राहण्याची मुदत लिहिलेली असते) त्याआधी संपत असेल तर तेवढेच. त्यात नवीन नोकरी शोधून त्या कंपनीकडून व्हिसाचं पिटिशन (अर्ज) फाइल व्हायला हवं. एडिसनला तुला एक संरक्षण होतं जे बहुतेकांना माहीतच नसतं: न्यू जर्सीत एप्रिल २०२३ पासून, १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने मोठा लेऑफ केला तर ९० दिवसांची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षाला एक आठवड्याचा पगार या हिशेबाने सेव्हरन्स कायद्यानेच द्यावा लागतो. टेक्सासचा स्वतःचा असा कायदा नाही, फक्त फेडरल ६० दिवसांची नोटीस, तीही मोठ्या लेऑफलाच. त्यामुळे ऑफर निगोशिएट करताना बेस अजून पाच हजार वाढवून मागण्यापेक्षा मी हे मागेन की कंपनीने माझी चूक नसताना काढलं तर आठ आठवडे पगारावर ठेवाल, काम नसलं तरी. ते ६० दिवस साधारणपणे शेवटच्या पगाराच्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पगारावर जितका जास्त तितका श्वास घ्यायला वेळ. वकिलाकडून याचे शब्द तपासून घे. सगळ्या कंपन्या देत नाहीत, पण मागितल्याने कोणी ऑफर काढून घेत नाही, आणि ज्यांनी काढून घेतली त्यांच्याकडे जायचंच नव्हतं असं समज.

ग्रीन कार्डचं एवढंच: आय-१४० मुळे तुझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा, शाबूत आहे, पण नव्या कंपनीला पर्म (ग्रीन कार्डची पहिली पायरी) परत पहिल्यापासून करावं लागेल, ते कधी सुरू करणार ते ऑफर लेटरमध्ये किंवा निदान ईमेलमध्ये लिहून घे. "सहा महिन्यांनी बघू" हे उत्तर मी मोजत नाही. बायको एच-४ ईएडी वर, म्हणजे त्या व्हिसावरच्या वर्क परमिटवर, काम करत असेल तर तिची तारीखही सांभाळ.

पगाराचं बोलायचं तर मित्र जे सांगतात ना, टेक्सासला टॅक्स नाही म्हणजे लॉटरी, तसं नाही. तुमचा एकत्र रिटर्न आणि तुझा एकट्याचा १,४५,००० पगार धरला तर न्यू जर्सीचा स्टेट टॅक्स सव्वापाच हजारांच्या आसपास येतो, तेवढाच वाचणार. कॅलिफोर्नियातून येणाऱ्याचं गणित वेगळं असतं, ते गणित ऐकून तू हुरळू नकोस. भाडं ऑस्टिनला कमी पडेल, २०२२ नंतर तिथे एवढ्या इमारती उभ्या राहिल्या की भाडी खाली आली. पण एडिसनला एका गाडीत आणि ट्रेनमध्ये भागत होतं, ऑस्टिनजवळच्या सीडर पार्क किंवा लिअँडरला राहिलास तर दोन गाड्या लागणारच, दोन इन्शुरन्स, १८३-ए रस्त्याचा टोल, आणि उन्हाळ्यात एसीचं बिल. पुढे घर घेतलंस तर प्रॉपर्टी टॅक्स घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास धर, सूट वगळून, म्हणजे साडेचार लाखांच्या घराला वर्षाला सात ते नऊ हजार. न्यू जर्सीतही तो भरमसाट आहेच, त्यामुळे तिथे फार फरक नाही.

आरएसयू पहिल्या वर्षी शून्य धर, बऱ्याच ठिकाणी वर्ष पूर्ण झाल्यावरच पहिला हप्ता. आणि ते मिळताना फेडरल टॅक्स बहुतेक ठिकाणी सरसकट २२ टक्के कापतात, तुमच्या दोघांच्या पगाराने वरचा स्लॅब लागत असेल तर एप्रिलमध्ये फरक भरावा लागतो, तो बाजूला ठेव. बोनस "टार्गेट" आहे, मागच्या दोन वर्षांत प्रत्यक्षात किती टक्के दिला ते विचार. जॉइनिंग बोनसच्या कागदात परत करायची अट असते, त्यात "कंपनीने काढलं तर परत द्यायचा नाही" हे शब्द हवेत, ते नसतील तर ऐन नोकरी गेलेल्या महिन्यात १५,००० मागतील. हेल्थ इन्शुरन्सचा प्लॅन मागवून घे, लहान मूल असताना फॅमिली प्रीमियम आणि डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी आपण भरायची रक्कम) यांतला फरक वर्षाला चार-पाच हजारांचा सहज होतो. हे सगळं धरून माझ्या अंदाजाने पहिल्या वर्षी, जॉइनिंग बोनस सोडला तर, तुला हातात हजार-बाराशे महिन्याला जास्त पडतील. वाईट नाही. पण आयुष्य बदलेल असंही नाही, त्यामुळे फक्त पैशासाठी जाऊ नकोस.

बायकोला एक गोष्ट मात्र मी वेगळी सांगेन, आणि ती ऑफिसपेक्षा जास्त महत्त्वाची आहे. टेक्सासमध्ये बऱ्याच घरांत बंदूक असते. मुलगी दुसऱ्याच्या घरी खेळायला जाईल तेव्हा "घरात बंदूक आहे का, असेल तर लॉक केलेली असते ना" हे विचारायची सवय लावून घ्या. मुलांच्या हाती लागेल अशी बंदूक ठेवणं इथेही गुन्हा आहे, आणि इथल्या आयांना या प्रश्नाचा राग येत नाही, बऱ्याच जणी स्वतःहून सांगतात. टीमसोबत बाहेर जाताना, ज्या बारचा निम्म्याहून जास्त धंदा दारूचा असतो तिथे दारावर लाल अक्षरात ५१% ची पाटी असते, तिथे आत बंदूक नेणं गुन्हा. आणि २०१७ च्या फेब्रुवारीत कॅन्ससच्या ओलेथला गार्मिनचा इंजिनिअर श्रीनिवास कुचिभोतला गेला, तो ऑफिसात नाही, काम संपल्यावर मित्रासोबत बारमध्ये बसला होता, मारणारा परका माणूस होता. त्याच्या मागे त्याच्या बायकोचा इथे राहण्याचा हक्कसुद्धा त्याच्याच कागदांवर उभा होता. हे घाबरवायला सांगत नाहीये. टर्म इन्शुरन्स घे, कंपनीच्या लाइफ इन्शुरन्समध्ये जास्तीत जास्त कव्हर घे, आणि सगळे कागद कुठे आहेत ते तिला माहीत असू दे, एडिसनला राहिलास तरी.

तर आता करायचं काय. आज रिक्रूटरला ईमेल टाक की वेपन्स पॉलिसी पूर्ण पाठवा, धमकीची तक्रार कुठे करायची ते पाठवा, वर्कर्स कॉम्प आहे का सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, टेक्सासमध्ये हा प्रश्न रोजचा आहे. मॅनेजरशी फोनवर बोल, रेंजचं सांग, आणि विचार की मागच्या लेऑफमध्ये टीममधल्या व्हिसावरच्या लोकांचं काय झालं. शक्य असेल तर लिंक्डइनवर त्या कंपनीतून काढलेला एखादा माणूस शोधून त्याच्याशी दहा मिनिटं बोल, सध्या तिथे असलेल्यांपेक्षा तो जास्त खरं सांगेल. "आत बंदी" लेखी असेल, मॅनेजरचं उत्तर सरळ असेल आणि सेव्हरन्सचं काहीतरी कागदावर आलं, तर माझ्या मते जा, ऑस्टिन राहायला चांगलं आहे, मुलीला मोकळी जागा मिळेल. यातलं आतल्या बंदीचं उत्तर गुळमुळीत आलं तर थांब, तुझी सध्याची नोकरी चालू आहे, घाई कसलीच नाही. ट्रान्सफरचं पिटिशन फाइल झाल्याच्या पावतीवरसुद्धा जॉइन होता येतं पण तू अप्रूव्हल हातात येईपर्यंत एडिसनला राजीनामा देऊ नकोस, प्रीमियम प्रोसेसिंगचे (अर्ज लवकर निकालात काढण्याचे) पैसे कंपनीला भरायला सांग.